मालुंगाच्या पोटातलं

गाडी इथेच राहू द्या. पुढे रस्ता आहे, पण टेकडीवर आम्ही चाक नेत नाही. चालायला फारसं नाही. आणि वर जाण्याआधी ही गोष्ट ऐकलेली बरी. नाहीतर वर पोचल्यावर तुम्हाला नुसतं गंजलेलं लोखंड दिसेल.

ती समोरची टेकडी. उंची बेताचीच. पण माथ्याकडे नीट पाहा, तिथे गवत नाही. उन्हात जे चमकतंय ते लोखंड आहे. जमिनीत ठोकलेले खिळे, कुदळीची मोडकी पाती, भाल्यांची टोकं. जुनी गंजून मातीच्या रंगाची झालीत, अलीकडची अजून लखलखतात. आसपासची गावं हिला खिळ्यांची टेकडी म्हणतात. वर मूर्ती नाही, देऊळ नाही, सावलीला छप्परसुद्धा नाही. तरी या मुलखातलं भांडण इथे आल्याशिवाय मिटत नाही. शेताची हद्द असो, नवराबायकोची ताटातूट असो, मासेमारीचं पाणी असो, दोन्ही बाजू अनवाणी वर जातात. एकाने खिळा बोटांत उभा धरायचा आणि दुसऱ्याने हातोडा मारायचा. हातोडा मारणारा तोच, ज्याच्याशी वैर होतं. खिळा चिमट्याने धरलेला चालत नाही. बोटंच लागतात.

असं का, ते आमची म्हातारी माणसं सांगत आली, ते मी सांगतो. खरंखोटं तुम्ही ठरवा. आम्ही ठरवलेलं आहे.

फार पूर्वी, म्हणे, या टेकडीवर मालुंगा उभा होता. मालुंगा म्हणजे राखणारा. लाकडाचा, माणसाच्या छातीएवढा उंच, एक हात उगारलेला, डोळे पांढरे. पोटाला खळगा होता, त्यात जे घालायचं ते घालून वर राळेने आरसा बसवलेला. आणि अंगभर खिळे. गावाने किंवा माणसाने शपथ घेतली की तिचा एक खिळा मालुंगाच्या अंगात ठोकायचा. शपथ मोडणाऱ्याला मालुंगा शोधून काढतो, अशी श्रद्धा. काँगो नदीच्या या खालच्या अंगाला अशा मूर्ती गावोगावी होत्या. आता त्या दूरदेशी काचेच्या कपाटांत आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी एकमेकांवर चढाओढीने बोली लावतात. अंगावर खिळे जितके दाट तितकी मूर्ती मोलाची, असं ऐकतो. ते खिळ्यांची दाटी बघतात. कुठला खिळा कुणाचा शब्द होता, ते विचारत नाहीत.

मालुंगाची राखण किन्सेके गावाकडे, म्हणजे आमच्याकडे होती. त्या काळी त्याची न्गांगा होती न्सोना. न्गांगा म्हणजे मूर्तीशी बोलणारी, पोटात काय भरायचं ते जाणणारी, खिळा कुठे बसवायचा ते ठरवणारी. बाई अंगाने किरकोळ होती आणि बोलायची कमी. तिचा मामा माकाया गावाचा मुख्य होता. आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा.

पलीकडच्या टेकडीवर लुवेम्बा गाव. ताडाच्या राईवरून दोन्ही गावांचं जुनं वैर. त्या वैरात न्सोनाचा सख्खा भाऊ न्गोमा मारला गेला. भाला फेकणारा लुवेम्बाचा म्बेंझा होता. सगळ्यांनी पाहिलेलं. पुढे दोन्ही गावं थकली, तह ठरला, आणि तहाचा खिळा बसवायचं काम न्गांगा म्हणून न्सोनावर आलं. भावाला मारणाऱ्याच्या हातात तिने हातोडा दिला, कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं, आणि खिळा आत गेल्यावर पाठ फिरवून घरी गेली. त्यानंतर म्बेंझाशी ती एक शब्द बोलली नाही. पण तह टिकला.

मग नदीकाठी परदेशी व्यापाऱ्याची कोठी आली. कोठीवाला गोरा होता. त्याला ताडाचं तेल हवं होतं, हस्तिदंत हवा होता. माकायाने सांगितलं की व्यापार करा, पण आमचा माणूस जबरदस्तीने नेणार नाही अशी शपथ मालुंगापुढे घ्या. कोठीवाल्याने हसत हसत हातोडा घेतला आणि स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. बेपर्वाईने मारला म्हणून तो वाकला. न्सोनाने दुसरा दिला नाही. शपथ ज्याची, खिळाही त्याचाच, वाकडा तर वाकडा, असं ती म्हणाली म्हणतात.

काही हंगाम बरे गेले. पुढे धबधब्यांच्या बगलेने वरच्या मुलखात सामान न्यायची वाट निघाली आणि कोठीवाल्याला ओझी वाहायला माणसं कमी पडू लागली. त्या वाटेने गेलेला क्वचित परतायचा. आधी त्याने लालूच दाखवली. मग एका बाजाराच्या दिवशी त्याच्या शिपायांनी आमच्या काही तरुणांना दोरीला बांधून नेलं. गाव मालुंगापुढे जमलं. न्सोनाने त्या वाकड्या खिळ्यावर हातोडीने टकटक केलं, म्हणजे झोपलेल्याला उठवतात तसं, आणि शपथ कुणी मोडली ते मोठ्याने सांगितलं. त्यानंतर कोठीवाल्याला ताप भरला असं सांगतात. नदीकाठी ताप कुणालाही भरतो. पण त्याने मालुंगाचा धसका घेतला.

तो बरा झाला तेव्हा कोठीत त्याचा एक पाहुणा उतरला होता. हा पाहुणा व्यापारी नव्हता. मूर्ती, मुखवटे, घंटा असलं गोळा करून आपल्या देशी नेणारा संग्राहक होता. मालुंगाचं वर्णन ऐकून त्याला चैन पडेना. कोठीवाल्यालाही मालुंगा टेकडीवर नको होता. मग शिपाई आले. भर उन्हात, गाव शेतावर असताना. त्यांनी मूर्तीवरची झोपडी जाळली आणि मालुंगाला दोरीने बांधून खांद्यावरून नेलं. बाजारातून माणसं नेली होती तसंच.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मालुंगा परत हवा असेल तर ओझ्याला माणसं द्या. आधी नेलेल्यांपेक्षा जास्त, आणि तुमच्या हाताने निवडून.

गाव झाडाखाली बसलं. माकाया म्हातारा झाला होता. त्याला लुवेम्बाची भीती होती. मालुंगा गेला म्हणजे तह गेला, असं त्याला वाटत होतं. ते लोक चालून आले तर गावच उरणार नाही, त्यापेक्षा थोडी माणसं गेली तर बाकीची वाचतील, असं तो पडलेल्या आवाजात बोलला. जो तो आपल्या मुलाकडे बघत होता.

तेवढ्यात लुवेम्बाच्या वाटेने म्बेंझा आला. एकटा, हात मोकळे. त्याच्या गावाने त्याला विचारायला पाठवलं होतं की मालुंगा नाही, आता तह आहे की नाही.

न्सोना उठली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा म्बेंझाकडे बघून बोलली.

"तू सांग. खिळा तू ठोकलास."

म्बेंझा म्हणाला, "शपथ मी घेतली होती. लाकडाने नव्हती घेतली."

न्सोना मामाकडे वळली. "मामा, माणसं द्यायची नाहीत. मालुंगासाठीही नाहीत. उत्तर घेऊन मी जाते. हा माझ्याबरोबर येईल."

गावात कुजबुज झाली. तिच्या आईने, लेंगोने, तोंड फिरवलं. पण माकायाने मान हलवली, आणि ती दोघं खाली कोठीकडे गेली.

कोठीच्या अंगणात न्सोनाने दुभाष्याला सांगितलं की गावाचं उत्तर आणलंय, पण आधी मला आमच्या माणसाला भेटायचंय. त्याला उन्हात आणा. कोठीवाला कुरकुरला. पाहुणा मात्र हरखला. असा विधी प्रत्यक्ष बघायला मिळणार म्हणून त्याने वेताची खुर्ची पुढे ओढली, मांडीवर कागद घेतला आणि चित्र काढायला बसला. मालुंगाला आणून अंगणाच्या मधोमध उभं केलं. शिपाई मात्र लांब सरकले. तेही नदीच्या वरच्या अंगाचेच लोक, त्यांच्या गावीही असे राखणारे होते.

न्सोनाने मालुंगाचं तोंड पुसलं. मग एकेका खिळ्याला बोट लावून त्याची ओळख सांगू लागली. हा अमक्या गावाच्या पाण्याचा. हा दोन बहिणींच्या भांडणाचा. हा माझ्या भावाच्या रक्ताचा. प्रत्येकाला सांगायची, तू सुटलास, घरी चल. ऊन कलू लागलं तरी ती घाई करत नव्हती. पाहुण्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्याचा हात भराभर चालला होता. शेवटी तिने कमरेची लहान तासणी काढली, पोटावरच्या आरशाच्या कडेने राळ फोडली, आरसा काढून जमिनीवर ठेवला, आणि आत जे होतं ते सगळं बोटांनी खरवडून आपल्या फडक्यात बांधलं.

तेव्हा पाहुणा खुर्चीतून उठला. मूर्ती बिघडवली, मूर्ती बिघडवली, असं तो आपल्या भाषेत ओरडत होता, म्हणे. न्सोनाने गाठोडं म्बेंझाच्या हातात दिलं.

"आता तुला बांधणारं काही नाही," ती म्हणाली. "जा."

म्बेंझा फाटकाकडे निघाला. कोठीवाल्याने त्याला अडवायला शिपायांना हुकूम दिला. शिपायांनी त्याच्या हातात काय आहे ते बघितलं आणि वाट सोडली. एकाही बंदुकीचं तोंड वर झालं नाही. मग न्सोना कोठीवाल्याकडे वळली.

"हे आमचं उत्तर," ती म्हणाली. "किन्सेके एकही माणूस देणार नाही. आमच्या माणसाला तू पकडून आणलंस, तर त्याच्या पोटातलं तुझ्या हाती लागू नये म्हणून मी ते काढून घेतलं. लाकूड ठेव. सगळ्यांचे खिळे मी नावं घेऊन सोडवलेत. तुझा सोडवलेला नाही. तो त्याच्या अंगात तसाच आहे, आणि तू त्याला कुठेही नेलंस तरी राहील."

दुभाषा शेवटचं वाक्य सांगायला कचरला. पण तिचं बोट वाकड्या खिळ्यावर होतं, ते कुणालाही कळण्यासारखं होतं. कोठीवाल्याने तिला तेलाच्या कोठारात कोंडलं आणि दाराला कुलूप घातलं.

इकडे म्बेंझा चालत होता. टेकड्यांच्या पायथ्याशी वाटेला फाटा फुटतो, येताना तुम्हीही बघितला असेल. डावीकडे लुवेम्बा, उजवीकडे किन्सेके. तिथे तो थांबला. ज्याच्याकडे ते गाठोडं त्याच्याकडे मालुंगाचं बळ, हे त्याला ठाऊक होतं. त्याचं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचलं असतं. म्हातारपणी तो स्वतः सांगायचा की त्या फाट्यावर माझे पाय गावाकडे वळले होते. न्गोमा त्याला आठवला. भाला लागल्यावर त्याने आपल्याकडे कसं बघितलं, तेही आठवलं. मग तो उजवीकडे वळला.

किन्सेकेच्या लोकांनी काय बघितलं? वैरी एकटाच येतोय, न्सोना बरोबर नाही, आणि त्याच्या हातात तिचं फडकं. माणसांनी भाले उचलले. म्बेंझा थांबला नाही. तो सरळ लेंगोच्या अंगणात गेला, तिच्या पायांशी गाठोडं ठेवलं आणि सांगितलं की तुझी मुलगी कोठीत अडकली आहे, हे तिने माझ्याकडे दिलं.

"तुझ्याकडे?" लेंगोने विचारलं.

"माझ्याकडे."

म्हातारी खाली बसली. ती रडली असं कुणी सांगतात, नाही रडली असंही सांगतात. मग तिने भाले खाली ठेवायला लावले, गाठोडं उचललं आणि टेकडीची वाट धरली. मागोमाग सगळं गाव.

झोपडीची राख अजून तिथे होती. राखेखाली खड्डा केला आणि मालुंगाच्या पोटातलं त्यात ठेवलं. त्यावर शपथ बंद करायला खिळा हवा, तो लोहाराने दिला. पण ठोकायचा कशात? लाकूड तर कोठीत. लेंगो म्हणाली, जमिनीत ठोका, जमीन कोण उचलून नेतंय. माती इथली कडक, खिळा उभा राहीना. म्बेंझा गुडघ्यांवर बसला, खिळा बोटांत धरला आणि हातोडा लेंगोकडे सरकवला. तिला हवं तर त्याची बोटं ठेचता आली असती, आणि कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

लेंगोने हातोडा त्याच्याकडे परत ढकलला.

"मी धरते, तू मार," ती म्हणाली. "तुझ्यावर एवढा भरवसा ठेवायचा नसेल, तर माझी मुलगी तिथे कशाला बसली आहे?"

मुलाला मारणाऱ्या हाताखाली तिने आपली बोटं ठेवली. म्बेंझाने हातोडा उगारला. घाव खिळ्यावरच बसला.

त्यानंतर दोन्ही गावांनी कोठीकडे पाठ फिरवली. कुणी तेल नेलं नाही, कसाव्याचे कंद नेले नाहीत, मासे नेले नाहीत. नावाड्यांनी होड्या आत खाड्यांत ओढून ठेवल्या. हळूहळू नदीकाठची बाकीची गावंही सामील झाली. बाजाराच्या दिवशी बाजाराच्या जागेवर माती आणि कोंबड्या, बस. कोठीवाल्याने शिपाई पाठवून किन्सेके जाळलं. गाव आधीच रानात गेलं होतं. रानात हाल झाले. म्हातारा माकाया तिथेच वारला. मरताना त्याने सगळ्यांना सांगितलं की मी घाबरलो होतो, तुम्ही घाबरू नका. त्याला रानातच पुरलं, आणि कुणीही कोठीवर शरण गेलं नाही.

शेवटी कोठीतलं अन्न संपत आलं. शिपाई एकेक करून पळाले. कोठीवाला जहाजाची वाट बघत बसला. ते आलं तेव्हा तेल भरायला नव्हतं आणि ओझी उचलायलाही कुणी नव्हतं. निघायच्या दिवशी कोठाराचं दार उघडलं. न्सोनाचे पाय सुजले होते, भिंत धरूनच तिला उभं राहता आलं. पाहुण्याने दुभाष्याकरवी तिला विचारलं की पोटात काय होतं तेवढं सांग, तुला हवं ते देतो. ती त्याच्यासमोरून नदीकडे चालू लागली. मालुंगा जहाजावर चढला. पोटाला भोक, अंगावर खिळे, आणि त्यात तो एक वाकडा.

न्सोनाला आणायला म्बेंझा होडी घेऊन आला होता. तिला पाठीवर घेऊन तो टेकडी चढला. वर आल्यावर तिने जमिनीतला खिळा पाहिला, कुणी धरला आणि कुणी मारला ते ऐकलं, आणि आईच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्बेंझाला म्हणाली, "बैस. जेवूनच जा." एवढंच. पण त्या दिवशी तो तिच्या घरी जेवला, आणि पुढे मरेपर्यंत जेवत राहिला.

कोठी पुन्हा उभी राहिली नाही. पुढे दुसरे आले, त्यांच्या गोष्टी वेगळ्या आणि कडू आहेत. पण या टेकडीवरून कुणाला काही नेता आलं नाही. जमिनीतलं काढणार तरी काय?

काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संग्रहालयाची माणसं आली होती. सभ्य होती, अनवाणी वर आली. त्यांनी मोठा फोटो आणला होता. काचेमागे मालुंगा, हात उगारलेला, पोट उघडं. राजधानीत प्रदर्शन भरवतोय, तेवढ्यापुरता तो तुमच्याकडे उसना देऊ, असं म्हणाले. सभेत न्सोनाच्या घराण्यातली एक आजी बसली होती. तिने विचारलं, "आमचा माणूस आम्हालाच उसना कसा देता? कायमचा आणा, घर तयार आहे. तेवढं जमत नसेल तर राहू द्या." ते ओशाळले. मग त्यांच्यातल्या एकाने, अगदी नम्रपणे, विचारलं की पोटात काय होतं ते तरी सांगाल का, कपाटाशेजारच्या पाटीवर लिहायचं आहे, लोक फार विचारतात.

आजीने सांगितलं, "लिहा, की सांगितलं नाही."

आजही पाटीवर तसंच लिहिलंय म्हणतात. तिकडे गेलात तर बघून या, आणि मला कळवा. आणि वर गेल्यावर तेच मला विचारू नका. बरेच जण विचारतात.

चला. चपला इथे झाडाखाली ठेवा.